आप्पांची सही

आप्पा, माझे वडील, गेल्यावर चार महिन्यांनी त्यांच्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटची, म्हणजे डिजिटल ओळखपत्राची, मुदत संपली. तंजावूरच्या आमच्या मराठीतले शब्द ते स्वतःच्या आवाजात नोंदवून, प्रत्येकाला एक चित्र जोडून, त्या घरच्या सर्व्हरवर ठेवत. आत्या रोज दुपारी मोबाइलवर एकेका चित्रावर बोट ठेवून भावाचा आवाज ऐकायची. त्या दिवशी आवाजाऐवजी लाल इशारा आला.

"काय झालं गं? आता हेही बंद?" तिने विचारलं.

सर्टिफिकेटवर सही करणारी मूळ डिजिटल किल्ली आप्पांनीच, पॉलिटेक्निकच्या निवृत्त मास्तराच्या हट्टाने, घरी बनवली होती. नवी किल्ली करणं हे माझं रोजचंच काम, दहा मिनिटांचं. पण मग सही आप्पांची राहिली नसती, आणि मला तीच हवी होती. किल्लीला परवलीचा शब्द होता. संगणकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तमिळ अक्षरांत एवढंच: मी बसतो ती जागा.

खुर्ची, झोपाळा, ओटा, सगळं टाकून पाहिलं. शेवटी हात टेकले.

आत्या म्हणाली, "तिण्णैवर बसायचा की तो!"

दारापुढच्या ओट्याला आमच्या घरी हाच तमिळमधून आलेला शब्द. पुण्याहून शिकून आले तेव्हा मी नाक मुरडलं होतं, "आप्पा, ही कसली मराठी? ओटा म्हणा." ते नुसते हसले. मला वाटलं, विसरले.

मी रोमन अक्षरांत शब्द टाकला. चुकला. पुन्हा चुकला. मग लक्षात आलं, पुण्याच्या सवयीने मी 'त'साठी नुसता टी लिहीत होते. इकडे टी म्हणजे 'ट'. 'त'ला टीनंतर एच लागतो. एच घातला आणि किल्ली उघडली. नव्या सर्टिफिकेटवर आप्पांची सही झाली. सर्व्हर पुन्हा सुरू करताना मला रडू आवरेना.

आत्याने पहिलं चित्र, आजवर कधी न उघडलेलं, ओट्याचंच दाबलं. आप्पांचा आवाज आला, वर्गात सांगावं तसा, सावकाश: "ओटा."

"ओटा मणे! आमच्यात कोण मणतं ओटा?" आत्या चिडली. "दुसरं लाव. त्याचं खरं बोलणं लाव."

मी सगळ्या नोंदी धुंडाळल्या. तिण्णै कुठेच नव्हता. माझ्या एका टोमण्यापायी आप्पांनी तो शब्द तोंडातून काढून टाकला होता, आणि जिथे कधीतरी मलाच तो लिहावा लागेल, तिथे ठेवला होता.