बर्फवाली आणि जमादारबाई

जमादारबाई वाचनालयाचं पुस्तक परत करताना पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवत. लपूनछपून नाही, माझ्या टेबलासमोर उभं राहून. मी खोडरबर काढला की म्हणत, "खोड, खोड. पुढच्या बारीले पेनानं लिहीन." चिखलीच्या त्या वाचनालयात मी पुस्तकं सांभाळते. तिथले वाचक या बाईंच्या नावाने बोटं मोडत आणि त्यांच्या हातून आलेलं पुस्तक आधी उलटून पाहत.

"लोकांची मजा कशाला घालवता?" असं मी एकदा चिडून विचारलं.

"कोनं मारलं हे पहिल्या दिवशीच गल्लीतल्या कुत्र्यालेबी ठाऊक असते, पोरी. खरी गोष्ट त्याच्यानंतर चालू होते."

त्यांना हे म्हणायचा हक्क होता. सगळी नोकरी पोलिसात गेली होती. कुठे बाई मेली की पंचनाम्याला बाई पोलीस लागायची, आणि मग अमडापूर असो की देऊळगाव राजा, यांनाच पाठवत. रडणाऱ्या आईला त्या सरळ बाजूला सारत. "मंग रडजो. आधी मले पाहू दे." तालुक्यात बायका त्यांना दगड म्हणत, आणि त्यांच्या कानावर ते गेलं तरी त्यांना काही वाटत नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच नाद लावून घेतला. स्वीडन-नॉर्वेकडच्या पोलिसी कादंबऱ्या, मराठीत आलेल्या. त्यातही तपास करणारी बाई असेल तरच. त्या नायिकेचं परदेशी नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. सगळ्याच पुस्तकांतल्या सगळ्याच बाया त्यांच्यासाठी 'बर्फवाली'. बर्फात प्रेत पडलेलं, भोवती पट्टी बांधलेली, लोक लांब उभे, आणि ही एकटी वाकून पाहते आहे. हे पान आलं की त्या मोठ्याने हसत. "हिचं बरं आहे. पट्टी बांधली की मानसं थांबतात. आपल्याकडं बाईले आंघोळ घालून, हळद लावून, बांगड्या भरून झाल्या की मंग फोन येते. पुरावा काय मोरीत शोधू?"

एका दुपारी त्या असंच हसत असताना त्यांच्या भावाचा फोन आला. वैशाली गेली होती. त्यांची एकुलती एक मुलगी, नवरा गेल्यावर एकटीने वाढवलेली. उंद्रीकडच्या एका खेड्यात दिलेली, मामाच्याच ओळखीत. सासरचे म्हणत होते, गच्चीवर मिरच्या वाळत घालताना पाय घसरला.

मी त्यांच्याबरोबर गाडीत बसले. भाऊ आणि भावजय पुढे होते. सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरहून यावी लागते, ती अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. म्हणून भावाने बाजारात गाडी थांबवून हिरवी साडी घेतली. बाईंनी ती पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि घर येईपर्यंत सोडली नाही.

अंगणात तिरडी बांधून तयार होती, साडीचीच वाट पाहत होते. बाईंनी पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. तडक जिना चढल्या. गच्ची कोरडी, एकही मिरची नाही, बी नाही, ठसका नाही. खाली आल्या, पोरीजवळ बसल्या. गळ्यावर हळदीचा जाड थर होता. आपल्या पदराने त्यांनी तो पुसून काढला, भांडं पुसावं तसा. खाली काळेनिळे डाग होते.

"साडी आनली का?" सासूने विचारलं.

"आनली. पुलीस आल्याबिगर पिशवीतून निघनार नाही."

भाऊ पाया पडला. लोक ओरडले, बायकांनी बोटं मोडली. पण साडीशिवाय तिरडीला हात लावायची हिंमत त्या गर्दीत कोणाची झाली नाही. पोलीस आले, वैशालीला तालुक्याला नेलं, चिरलं, शिवलं. परत आली तेव्हा भावजय म्हणाली, "आता तरी द्या, आक्का."

"कोर्टाचा निकाल लागू दे. मंग देईन."

चिरलेलं प्रेत आणखी ठेवता येत नव्हतं. पोरगी दवाखान्याच्या चादरीत जळाली.

खटला वर्षानुवर्षं चालला. जिने किंचाळी ऐकली होती ती शेजारीण कोर्टात म्हणाली, मला काही आठवत नाही. गळ्यावरचे डाग गच्चीवरून पडल्यामुळेही आले असतील, असं ठरलं. सासरचे सगळे सुटले. जावयाचं दुसरं लग्न झालं.

त्या आठवड्यात बाईंनी पुस्तक परत केलं. पहिलं पान कोरं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"काऊन लिहू?" त्या म्हणाल्या. "नाव सांगून काय होते?" मग खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. "माह्या पोरीले मी नेसवलंबी नाही. निकालाची वाट पाहत बसली. काय मिळालं मले?" डोळे पुसून झाल्यावर त्यांचा आवाज पुन्हा पोलिसी झाला. "मी मेली का ते लुगडं माह्या अंगावर टाकजो. वर गेल्यावर देईन तिले. कपाटात आहे, पिशवीतच."

मी हो म्हटलं.

त्या या वर्षी गेल्या. मी धावत गेले, भावजयीला साडीचं सांगितलं. तिने मला वेड्यात काढलं. "विधवेले हिरवी साडी? लोकं तोंडात शेन घालतीन आमच्या." मी भांडले, अगदी हमरीतुमरीवर आले. भाऊ म्हणाला, मॅडम, तुम्ही बाहेरच्या. कपाटाची किल्ली भावजयीच्या कमरेला होती. बाई पांढऱ्या कापडात गेल्या.

तेरवीला भावजय पंगतीत वाढत होती. अंगावर तीच हिरवी साडी, घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. मी नुसती बघत राहिले.

"पाहता काय, मॅडम?" ती नवऱ्याकडे मान करत म्हणाली. "यायनंच तर घेतली होती. इतके वर्सं पडून होती, कोनाच्या कामी आली नाही."

आणि पदर सावरत, वाकून, तिने माझ्या पानात बुंदी वाढली.