उघडायचा राहिलेला चाकू

"जोर नाय लावायचा, मास्तर. तेल पाजलंय ना? आता गप बसायचं."

मी फिटरबाबांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हाचं हे वाक्य. माझ्या वडिलांचा घडीचा चाकू पावसाळाभर ट्रंकेत पडून घट्ट मिटून बसला होता. आधी नखाने, मग दाराच्या कडीने आणि शेवटी नुसत्या रागाने मी तो उघडायची खटपट केली होती. शहापूरच्या बाजारपेठेच्या टोकाला आपल्या घराच्या ओटीवर ते गोणपाट टाकून बसत. त्यांनी चाकू उलटासुलटा केला, सांध्यावर करंजेलाचे दोन थेंब सोडले आणि तो उन्हात ठेवून दिला. "परवा या," म्हणाले. मला शाळेत मुलांचे बोरू त्याच दिवशी तासून द्यायचे होते. मी कुरकुरलो, तेव्हा मला ते वाक्य ऐकवून ते दुसऱ्या चाकूला लागले.

परवा गेलो तर चाकू बोटाच्या टोकाने उघडला. वडील वापरत तेव्हाही तो इतका चांगला नव्हता.

ते कसाऱ्याला रेल्वेत फिटर होते. नोकरी संपल्यावर शहापुरात येऊन राहिले, पण लोक शेवटपर्यंत त्यांना फिटरबाबाच म्हणत. मूळचे शेणव्याकडचे. बायको वारलेली, मुलगी एकच, ती मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी दिलेली. मी पुढे त्यांच्या शेजारचीच खोली घेतली आणि अकरा-बारा वर्षं तिथे काढली.

त्यांच्याकडे येणारे चाकू तुम्ही-आम्ही उकिरड्यावर टाकले असते असे. पातं गंजून काळं पडलेलं, शिंगाच्या मुठीला तडे, कमान मोडलेली. ते चाकू चार दिवस घासलेटात बुडवून ठेवत, मग विटकरीच्या भुकटीने आणि राखेने हळूहळू घासत. धार दगडावर हातानेच. फिरतं चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याशी त्यांचं उभं वैर होतं. "त्याच्या चाकावर धरला का अर्धा चाकू ठिणग्या होऊन जातो," म्हणत. शेवटी धार बघायला ते डाव्या मनगटावरचे केस काढून बघत. त्यामुळे तो हात कायम तुळतुळीत. फिटरबाबांना थंडी डाव्या हातालाच जास्त वाजते, असं बाजारात म्हणत. ते स्वतःही हसत.

तयार चाकू ते कधी कोणाच्या हातात देत नसत. जमिनीवर ठेवत, घेणाऱ्याने उचलायचा. हातातून हातात चाकू गेला की भांडण लागतं, हे आपल्याकडे सगळेच मानतात, पण ते फारच कटाक्षाने पाळत. मी एकदा बेसावधपणे हात पुढे केला तर त्यांनी चाकू मागे घेतला आणि म्हणाले, "आपलं बरं चाललंय ना मास्तर? मग कशाला?"

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटे. येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "घरात कोन बाळंतीण व्हायची हाय काय?" हो म्हटलं की बाकीची कामं बाजूला. तो चाकू आधी. लखलखीत करून वर तो पाण्यात उकळत, धुवट फडक्यात बांधत आणि बजावत, "उशाखाली ठेवा, पन फडक्यासकट. कापायचा झाला तर याच्यानंच कापा, आनि आधी परत उकळा." मी एकदा थट्टेने विचारलं, "फिटरबाबा, सुईणपणाही सुरू केलात काय?" एरवी थट्टेला थट्टा देणारा माणूस, त्या दिवशी फडक्याची गाठ आणखी घट्ट आवळत राहिला.

त्यांना लिहिता येत नव्हतं. चाकूला बांधायच्या चिठ्ठ्या मी लिहून देई, मालकाचं नाव आणि गाव. त्यांच्या लाकडी पेटीच्या तळाशी एक चाकू मात्र बिनचिठ्ठीचा होता, पितळी मुठीचा, पार गंजलेला. "हा कोणाचा?" विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे तो." मला वाटलं, कोणीतरी टाकून गेला असेल.

माझ्या बायकोला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं. माझी आई गावाहून आली. येताना घरातला एक पिढीजात चाकू घेऊन आली, बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायला. त्याच्यावर बोटभर गंज. जुनं लोखंड राखण करतं, त्याला पुसायचं-घासायचं नसतं, अशी तिची पक्की समजूत. ती शेजारी कोणाला तरी हे सांगत असताना फिटरबाबांनी ऐकलं. कधी उंबऱ्यावर न आलेला माणूस दारात येऊन उभा राहिला.

"आई, तो चाकू माज्याकडं द्या."

"नाही द्यायचा. घासला तर त्याचं सत जाईल."

ते पायरीवर बसले. दुपार कलली तरी उठेनात. भाकरीला बोलावलं तर आले नाहीत. शेवटी आईने चिडून चाकू त्यांच्यासमोर आपटला. त्यांनी तो उचलला आणि आपल्या ओटीकडे गेले. मी मागोमाग गेलो, जरा रागानेच. तेव्हा ओटीवर बसून त्यांनी मला आपल्या मुलीचं सांगितलं.

मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. उशाखाली लोखंड हवं, म्हणून त्यांनीच आपल्या आज्याचा चाकू पेटीतून काढून दिला. ते स्वतः फिटर, हत्यारांना जीव लावणारे. पण राखणीचं लोखंड म्हणून त्यांनीही त्याला फडकं लावलं नाही. सुईणीच्या हाताशी दुसरं काही नव्हतं. तिने उशाखालचा तोच चाकू ओढला आणि नाळ कापली. मुलगा झाला. गोरापान, रडका. सातव्या दिवशी त्याने दूध घेणं सोडलं. जबडा मिटला तो उघडेना.

"सगळी म्हनली, सटवीनं न्हेला. पोरगी बी तेच म्हनली. मी दवाखान्यात डाक्टरला इचारलं. त्यो म्हनला, नाळ कशानं कापली? चाकू दाखवला. म्हनला, धनुर्वात ह्याच्यातनंच शिरला."

"मुलीला सांगितलंत?"

"सांगायचंय. मुरबाडच्या बाजाराला येती ती, पुढच्या बाजाराला सांगतो."

माझ्या मुलाची नाळ त्यांनी उकळून दिलेल्या चाकूनेच कापली. आज तो माझ्यापेक्षा उंच आहे. हे लिहिताना मला त्याच्याकडे बघवत नाही.

लढाईच्या वर्षांत नवे चाकू मिळेनासे झाले आणि फिटरबाबांची ओटी भरून गेली. तरी मुरबाडचा बाजार ते चुकवत नसत. गाडीवाल्याच्या गाडीत बसून जात. मुलगीही तिकडून येई. मीही कधीकधी त्यांच्याबरोबर जाई. बापलेक आंब्याखाली बसत, ती नाचणीच्या भाकरीचं आणि सुकटीचं गाठोडं सोडी, ते तिच्या पोरांसाठी चुरमुरे बांधून देत. तिला पुढे दोन मुलं झाली होती, दोन्ही सासरी. मी मुद्दाम लांब जाऊन मिरच्या बघत उभा राही.

परतताना विचारायचो, "सांगितलंत?"

"निगालाच होता इषय. पन म्हशीचं बोलनं मदीच आलं. पुढच्या बाजाराला."

मी चिडायचो. म्हशी, भात, जावयाचा गुडघा, सगळ्यावर बोलायचे हे दोघं. एकदा मी म्हणालो, "मी सांगू का?" तर त्यांनी माझं मनगट धरलं. "नको मास्तर. ती बाजाराला यायची बंद हुईल."

असे किती बाजार गेले! मग एका भाद्रपदात ताप आला आणि आठवड्यात ते गेले. मुलगी पोचली तेव्हा ते कोणाला ओळखत नव्हते.

तेराव्यानंतर तिने मला हाक मारली. पेटीतले चाकू ज्याचे त्याला द्यायचे होते आणि चिठ्ठ्या वाचायला तिला मी हवा होतो. मी एकेक नाव वाचत गेलो, ती एकेक चाकू बाजूला ठेवत गेली. ओटीभर लखलखाट पसरला. शेवटी तळाचा तो राहिला.

तिने तो उचलला. "सगळ्या गावाचे चाकू उजळले बानं. घरचा हा एक तसाच."

आता सांगणं माझ्यावर आलं, असं समजून मी सुरुवात केली, "बाई, तुमच्या वडिलांना एक गोष्ट तुम्हाला..."

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

मी हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या.

"माजी पुढली दोन पोरं झाली, तवा दोन्ही येळेला बानं चाकू धाडला. उकळलेला, फडक्यात बांधलेला. संगं निरोप, याच्यानंच कापा. पहिल्या निरोपालाच मला उमगलं. लई राग आला. वरीसभर बाजाराला गेलेच नाय मी. मग ऱ्हावलं नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटायचं, बा सांगंल. त्याला वाटत आसंल, पोरगी इचारंल." तिने पदर डोळ्यांना लावला. "माजा राग कवाच गेला होता, मास्तर. तेवडं तरी सांगायला पायजे होतं त्याला."

मी हुंदका आवरू शकलो नाही. शाळामास्तराला शोभत नाही, पण तसं झालं खरं. त्या आंब्याखाली दोघंही एकच गोष्ट घेऊन बसत होती, आणि मी लांब मिरच्या बघत होतो.

तिने कोनाड्यातली करंजेलाची बाटली काढली. त्या पितळी मुठीच्या चाकूच्या सांध्यावर दोन थेंब सोडले आणि तो ओटीच्या कडेला उन्हात ठेवला. मग बापाच्या गोणपाटावर जाऊन बसली.

"इतका गंज आहे," मी म्हणालो, "चार दिवस तरी लागतील. तुमची गाडी आज जायची ना?"

"जाऊ दे गाडी," ती म्हणाली. "मी बसते."