गळ्यात अडकलेलं रेशीम

बाळ गेल्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतं ते ऊन. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमची दोन खोल्यांची जागा होती आणि मागं फरशीचं लहानसं अंगण. सकाळचं ऊन समोरच्या भिंतीवरून हळूहळू खाली उतरायचं, फरशीवर पसरायचं, माझ्या पायांपर्यंत यायचं. मी उंबऱ्यावर बसलेली असायचे. ऊन गुडघ्यांवर चढायचं, मग निघून जायचं. मधल्या वेळात तू काय केलंस, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मुलगा होता. जन्मला तेव्हा रडला, तेवढं मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो नव्हता.

सिल्लोडहून आई आली होती. काही दिवस राहिली, माझ्या डोक्याला तेल लावलं, आणि घरची गुरं-कोंबड्या खोळंबल्या म्हणून परत गेली. माझे मालक कापसाच्या आडतीत कामाला होते. सकाळी डबा घेऊन जायचे, दिवेलागणीला यायचे. घरात बोलणं फार नव्हतं. ते विचारायचे, "जेवलीस का?" मी मान हलवायचे. भिंतीपलीकडं मात्र दिवसभर मागाचा आवाज चालायचा. आमचे शेजारी हिमरूचे, रेशीम-सुताच्या नक्षीदार कापडाचे, विणकर होते. तो आवाज ऐकता ऐकता मला वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि वर कुणीतरी होडी वल्हवत चाललंय.

दोन्ही घरांचा घरमालक एकच, त्यामुळं अंगणाच्या भिंतीत एक बुटकं दार होतं. एका सकाळी ते दार ढकलून शेजारच्या खाला वाकून आत आल्या. वयानं माझ्या आईएवढ्या, ठेंगण्या, आणि कायम कामाच्या घाईत असल्यासारख्या. ओढणीखाली त्यांनी एक तांबडी कोंबडी धरलेली होती.

"दुल्हन, जरा हिला बघ ना. कालपासून दाणा उचलत नाय."

"मला काय कळतंय, खाला."

"तुझी अम्मी सांगत व्हती. सिल्लोडला तुमच्याकडं लई कोंबड्या हायेत, आन् त्यांचं सगळं तूच बघायची म्हणे."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली. इतक्या दिवसांत माझ्या मांडीवर कुणी काही ठेवलं नव्हतं. पिसांतून तिची ऊब लागली. ती धडपडली नाही, नुसती डोळे मिटून बसली.

आणि माझा हात आपोआप तिच्या गळ्याखाली गेला.

माहेरी रोज पहाटे खुराडं उघडायचं काम माझं होतं. कोंबड्या एकेक बाहेर पडताना मी त्यांना धरून बघायचे. पंखाखाली उवा झाल्या असतील तर चुलीतली गार राख पिसांत चोळायची. तुरा फिका दिसला तर दाण्यात लसूण ठेचून घालायचा. डोळा चिकटला असेल तर हळदीच्या कोमट पाण्यानं पुसायचा. आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपायची. रात्रभरात दाणा जिरून पहाटे ती पिशवी रिकामी, मऊ लागली पाहिजे. खालांच्या कोंबडीची पिशवी मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट होती.

"काहीतरी अडकलंय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

एरंडेल कोमट करून मी तिला चमच्यानं पाजलं. मग बोटांनी तो गोळा हळूहळू चोळत बसले. चोळायचं, थांबायचं, घोटभर पाणी द्यायचं, पुन्हा चोळायचं. कधी तिचं डोकं खाली धरायचं म्हणजे आंबलेलं पाणी बाहेर पडतं. त्या दिवशी ऊन माझ्या पायांवर कधी आलं आणि कधी गेलं, मला कळलं नाही. गोळा मात्र हलला नाही.

संध्याकाळी खालांनी दुसरी अडचण सांगितली. कोंबडीची पिल्लं होती, नुकती अंड्यातून निघालेली, आणि ती त्यांना पंखाखाली घेईना. खाला त्यांना सुपात घालून घेऊन आल्या. गारठ्यानं ती एकमेकांत घुसत होती आणि बारीक आवाजात ओरडत होती.

घरात कोंबड्या झाकायची टोपली, डालगं होतं, पण खाली घालायला मऊ काहीच नव्हतं. म्हणजे होतं. ट्रंकेत आईनं शिवून आणलेली दुपटी होती, जुन्या मऊ लुगड्यांची, एकावर एक घडी घालून ठेवलेली. मी ट्रंक उघडली. बराच वेळ तशीच बसले. मग एक दुपटं उचललं, चुलीजवळ धरून गरम केलं, डालग्यात अंथरलं आणि एकेक पिल्लू त्यावर ठेवलं. ती गप्प झाली. मालक आले तेव्हा त्यांना डालगं दिसलं, दुपटं दिसलं. ते हातपाय धुऊन माझ्या शेजारी येऊन बसले आणि पिल्लांकडं बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी कोंबडीची मान लुळी पडली होती, श्वास तेवढा चालू होता.

"तुमचा वस्तरा द्या," मी मालकांना म्हणाले.

त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "वस्तरा? कशाला?"

"कोंबडीचा गळा उघडायचाय. आतलं काढून परत शिवायचा."

बाळंतपणानंतर मी एवढं लांबलचक वाक्य बोलले नव्हते. मग त्यांनी वस्तरा काढला, चामड्याच्या पट्ट्यावर घासून घासून धार लावली, आणि मला देताना म्हणाले, "मी आज उशिरा गेलो तरी चालेल." पण कापायची वेळ आली तेव्हा ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले. रक्त त्यांना बघवत नसे.

आईला हे करताना मी पाहिलं होतं, हातानं कधी केलं नव्हतं. खालांनी कोंबडीला फडक्यात गुंडाळून धरलं, तोंड दुसरीकडं फिरवलं आणि ओठांतल्या ओठांत दुवा म्हणू लागल्या. अंगणातल्या बुटक्या दाराच्या पलीकडून खालांच्या मालकांनी विचारलं, "शिवायला रेशीम देऊ का? कोणतं पायजे?"

"तुटणार नाही असं द्या," मी म्हणाले.

त्यांनी पिळून दुहेरी केलेला पांढरा धागा दिला. सुई आणि धागा मी पाण्यात उकळले. गळ्याखालची पिसं उपटली, जागा हळदीच्या पाण्यानं धुतली. आधी वरची कातडी थोडीशी उघडली, मग आतली पिशवी. रक्त फारच थोडं आलं. बोट आत घातलं तर दाणा नव्हताच. ओलं, गुंतलेलं काहीतरी होतं. मी ते हळूच ओढलं आणि ते येतच राहिलं.

धागे होते. हिरवे, गुलाबी, मोरपंखी, केशरी. रेशमाचे आणि सुताचे तुकडे, मागाखाली पडलेले, झाडून अंगणात टाकलेले. कोंबडीनं किडे समजून टिपलेले असणार. मी ते फरशीवर ठेवून वर तांब्यानं पाणी ओतलं, तसे ते सुटे होत गेले आणि उन्हात ओल्या फरशीवर रंग पसरत चालले. मी क्षणभर सुई हातात धरून नुसती बघत राहिले. कोंबडीच्या गळ्यातून एखादी बाग निघावी तसं ते दिसत होतं.

खालांचे मालक दारात वाकून बघत होते. अबोल माणूस. ते खाली बसले आणि काडीनं धागे वेगळे करू लागले.

"हा हिरवा जालन्याच्या शेल्याचा," ते म्हणाले. "हा गुलाबी आता मागावर हाय तो. आन् ह्यो..." केशरी धागा त्यांनी उन्हाकडं धरला. "हा रंग आता मिळत नाय."

"तुम्ही रंग काय बघत बसलात," खाला म्हणाल्या. "ती जगेल का ते बघा."

मी पिशवी आधी शिवली, मग वरची कातडी वेगळी शिवली. दोन्ही एकत्र शिवली तर जखम ओढली जाते, असं आई म्हणायची. वर हळद आणि तेल लावलं. फडकं सोडलं तर ती एका कुशीवर पडून राहिली. दुपारनंतर तिनं डोकं उचललं आणि पाण्यात चोच बुडवली.

पुढचे दिवस मी तिला ताकात कुस्करलेली भाकरी भरवली, तीही अगदी थोडी थोडी. पिल्लांचं डालगं तिच्यापासून थोड्या अंतरावर ठेवलं. जखमेवर त्यांनी चोच मारली असती म्हणून जवळ सोडता येत नव्हतं, आणि फार लांब ठेवलं तर ती त्यांचा आवाज विसरेल अशी मला भीती. वेगळी राहिलेली कोंबडी कधी कधी आपलीच पिल्लं ओळखत नाही, टोचून हाकलते. मी माहेरी ते पाहिलं होतं.

जखम सुकली तेव्हा आम्ही दिवेलागणीची वेळ धरली. अंधारात कोंबडी फार तपासत नाही. खाला तिच्याजवळ बसल्या आणि मी एकेक पिल्लू मागून तिच्या पंखाखाली सरकवलं. ती ताठ झाली. एका पिल्लाकडं मान वळवून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं घशातल्या घशात तो आवाज काढला, कोंबड्या पिल्लांशी बोलताना काढतात तो, आणि पंख सैल करून त्यांच्यावर बसली.

खाला आणि मी तशाच बसून होतो. त्यांनी हळूच विचारलं, "बेटा, बाळाचं नाव काय ठेवणार व्हता?"

बारसं झालंच नव्हतं, त्यामुळं नाव कुणालाच माहीत नव्हतं. मालकांनी आणि मी ते आपसात ठरवलेलं होतं. मी नाव सांगितलं. खालांनी ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. "अच्छा नाव हाय," त्या म्हणाल्या. मग मी रडले. त्या दिवसांत पहिल्यांदाच. त्यांनी मला थांबवलं नाही.

त्यानंतर गल्लीतली माणसं माझ्याकडं कोंबड्या आणू लागली. लंगडणारी, खुडूक होऊन अंड्यांवरून उठेनाशी झालेली, तोंडावर देवीचे फोड आलेली. काही बऱ्या झाल्या, काही नाही. एका उन्हाळ्यात कोंबड्यांत मानमोडीची साथ आली तेव्हा माझी हळद आणि लसूण कशालाच उपयोग झाला नाही. गल्लीतली खुराडी रिकामी झाली, तोवर मीही कोंबड्या पाळू लागले होते, माझंही झालं. तांबडी मात्र वाचली. का, ते मला माहीत नाही. पुढं तिनं अंडी देणं बंद केलं तरी खालांनी तिला कधी कापू दिलं नाही.

दोन पावसाळ्यांनंतर मला मुलगी झाली. ती चालायला लागल्यावर आम्ही पडेगावला जागा घेतली, मागं मोकळं आवार असलेली. बैलगाडीत सामान चढवताना खालांनी एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, पाय बांधून माझ्या हातात दिली, तांबडीच्या पिल्लांच्या वंशातली. मुलगी तिला मांडीवर घेऊन बसली. दौलताबादच्या रस्त्यावर संध्याकाळ होत होती, धुळीत बैलांची शिंगं सोनेरी दिसत होती, आणि कोंबडी आणि पोर दोघीही हलत्या गाडीत झोपून गेल्या होत्या.