माझा शेंदरी भाजीवाला साडू

विकायला बसून गिऱ्हाईक पळवून लावणारा माणूस आख्ख्या नांदेड-लातुरात एकच आहे, आणि तो नेमका माझाच साडू निघावा, हे माझं नशीब. मी चौथी नापास, पण बाजार कसा करायचा ते मला कुणी शिकवू नये. लोह्याच्या बाजारात माझी उमर गेली. माल आणायचा, घसा फोडायचा, पाटी उपडी करून घरी यायचं. साडूचं तसं नाही. औशाजवळ त्याचं रान. शेणखताची, बिनफवारणीची भाजी घेऊन दर रविवारी लातूरच्या शेतकरी बाजारात बसतो आणि त्याच्यावरच जगतो म्हणे. बायकोच्या सांगण्यावरून मी कैक रविवार लोह्याहून येऊन त्याच्या शेजारी बसलो, तरी कसा जगतो, हे मला कळत नव्हतं आणि त्याच्या पोरालाही कळत नव्हतं. पोरगा पुण्याला नोकरीला. माझी मेहुणी वारली तेव्हापासून त्यानं एकच धोशा लावलेला, "दादा, तुम्हाला साधा चहा करता येत नाही. एकटे खाता काय? ह्या येळवशीच्या अमावस्येपर्यंत बघतो. न्हाई भागलं तर रान दुसऱ्याला बटईनं कसायला देऊन तुम्हाला पुण्याला नेतो." साडू म्हणायचा, "हाव." साडूचा हाव म्हणजे होकार, की नुसता घशातला आवाज, हे मेहुणीलाही कधी उमगलं नाही.

त्याच्या बोर्डाचंच बघा. आजकाल 'सेंद्रिय' असं लिहावं लागतं, म्हणून त्यानं एका पेंटरला तोंडानं सांगितलं. पेंटरनं ऐकलं तसं लिहिलं, 'शेंदरी भाजी'. आता लोक विचारतात, ही शेंदरी कुठली जात? एक म्हातारी तर चप्पल काढून, हात जोडून वांगी बघत होती. तिला वाटलं मारुतीच्या देवळातली हायत. मी म्हणलो, "पाव्हणं, पुसून नीट लिहून घ्या, लोक हासून राहिले." तर म्हणतो, "असू द्या साडभाऊ. धोंड्याला शेंदूर लागला की देव होतो. माझी तर वांगी हायत."

वांग्यांचंही तेच. माझ्या बापानं मला शिकवलं, किडकं वांगं खाली, चिकनं वर. हा बरोबर उलटं लावतो. भोक पडलेलं वांगं राजासारखं सगळ्यांत वर. आणि लातूरच्या बाया तेच वांगं उचलून एकमेकींना दाखवतात, "बघा, अळी आहे, म्हणजे औषध मारलेलं नाही!" माझी जिंदगी त्या अळीला लपवण्यात गेली आणि इथं तिचा मान चाललेला. मी तिथं बसल्या बसल्या डोकं धरलं. जग उलटं झालं की मीच पालथा बसलोय, हेच ध्यानात येईना.

पण खरा वैताग त्याच्या सवालाचा. गिऱ्हाईकानं भाजीला हात लावला की हा विचारणार, "काय करणार हेचं?" भाजी करणार, दुसरं काय? तेवढ्यावर सोडत नाही. दाळ आधी की मागून? फोडणीत लसूण ठेचून की चिरून? मीठ कधी? मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं, पलीकडचा पोतंभर कोथिंबीर विकून बिडी ओढायला गेलेला, आणि हा एका मेथीच्या जुडीला धरून बसलेला. एकदा एक चष्म्याची बाई म्हणाली, "पालक मी कच्चाच मिक्सरमधून काढून पिते, बाबा." साडूनं जुडी माघारी ओढली. "पिता? गुरं बी चावून खातेत, ताई!" मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण त्यानं तिलाही सोडलं नाही, "मग चुलीचं कामच न्हाई म्हणा की. गूळ चालंल का त्येच्यात?"

मग आला येळवशीच्या आदल्या दिवशीचा बाजार. वेळ अमावस्येला आमच्याकडं सगळी माणसं रानात जेवतात, आणि त्या जेवणात सगळ्या शेंगा, सगळे पाले घालून एकच भज्जी होते. त्यासाठी आख्खं लातूर भाजी घ्यायला उतरतं. वर्षाची कमाई त्या एका बाजारात. माझी बायको बहिणीच्या माघारी अंबील करायला औशाला आलेली, म्हणून मलाही आपलं रान सोडून यावं लागलं होतं. बाजारात येऊन बघतो तर साडूची पाटी भरलेली आणि हा तिच्यावर धोतराचं पान झाकून बसलेला. जो येईल त्याला म्हणतो, "येळवशीची भज्जी इकत घेत नसतेत. तुमाला रान न्हाई ना? उद्या माझ्या रानात या."

"पाव्हणं," मी ओरडलो, "पोरगा उद्या येऊन राहिला! त्याला काय दाखवणार? धंदा करता की पंगत?"

"हाव," साडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बांधावर मोटारी लागल्या. कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पाच धोंडे मांडलेले, नैवेद्य झालेला, आणि बाहेर बाजारातल्या आठ-दहा बाया भज्जीच्या पातेल्याभोवती भांडत होत्या. चुक्याचा पाला किती, बेसन कधी, ह्याच्यावर माझ्या बायकोचा आवाज सगळ्यांच्या वर. पोरगा पुण्याच्या बुटात, हिरमुसला चेहरा घेऊन उभा. तेवढ्यात एक बाई भाकरी मोडता मोडता म्हणाली, "बाबा, मी सांगितली तशी चुक्याची भाजी जमली का?"

"जमली," साडू म्हणाला. "दाळ आधी शिजवली. पयल्या बारीला करपली व्हती."

"आणि माझी मेथी?" दुसरी म्हणाली.

"तुमची मंगळवारी करतो. लसूण ठेचून."

चष्म्याची बाई हासली. "माझा पालक काही केला नसेल!"

"केला की. पाट्यावर वाटून. गूळ घातला की जातोय खाली."

सगळे हासले. पोरगा हासला नाही. तो बापाकडं बघत राहिला. मीही बघत राहिलो. इतके रविवार शेजारी बसून मला जे कळलं नाही, ते त्या पोराला एका घासात कळलं असावं. बायकोनं पातेल्यातला डाव तसाच हातात धरून डोळ्याला पदर लावला आणि धुराला शिव्या दिल्या.

सांजच्याला येळवशीच्या रिवाजानं कडब्याची पेंढी पेटवून साडू रानाभोवती फिरला. पोरगा बूट काढून त्याच्या मागं मागं पळत होता. माघारी आल्यावर पोरगा एवढंच म्हणाला, "दादा, पुढच्या येळवशीपर्यंत इथंच राहा. मग बघू."

साडू म्हणाला, "हाव." ह्या बारीला तो होकार होता.

आम्ही एसटीनं लोह्याला आलो. हा असा बाजार करून माणूस जगतो कसा, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही, आणि मी वांगी लावतो ती बापानं शिकवली तशीच. पण परवा बायको चुलीपुढं बसली होती, तिला म्हणलो, "चुक्यात दाळ आधी घालतेस का मागून?"

तिनं वळून बघितलं. एवढ्या वर्षांत मी चुलीकडं जेवायच्या टायमाशिवाय कधी बघितलं नव्हतं.

"कशाला हो?"

"असंच," म्हणलो, आणि पाट ओढून तिच्याजवळ बसलो.