गाळलेला सोडा

पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय भांड्यात घ्यायचं नाही. गोळ्यांच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायचा, मग चष्मा पुसून पुन्हा बघायचा. भांडायचं नसलं तरी पदर खोचायचा. फसलेल्या प्रयोगाची बाटली तारीख लिहून फळीवर ठेवायची.

निपाणीतल्या राजमती आक्कांच्या या सवयी त्यांची भाडेकरू उपासना दोन वर्षं बघत होती. उपासना मराठीत एम. ए. आक्का सातवी. दर रविवारी गल्लीतल्या मुली परसात जमायच्या. आक्का सोड्याच्या बाटलीत पुदिन्याची गोळी टाकायच्या. कारंजं भिंतीच्या किती विटा चढलं ते उपासना वहीत लिहायची.

आक्कांचं म्हणणं एकच. यात रसायन काही नाही. सोड्यात वायू कोंडलेला असतो. गोळी खडबडीत असते. तिच्या बारीक खळग्यांत बुडबुडे धरतात आणि वायू एकदम बाहेर पळतो.

त्यांचा पुतण्या अभिनंदन शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यानं गल्लीत सांगून टाकलं, "ही रासायनिक क्रिया आहे. काकू चुकीचं शिकवतात. पोरींना पाठवू नका."

पुढच्या रविवारी दोनच मुली आल्या.

मग आक्कांनी त्यालाच बोलावलं, मुलींच्या आयांनाही. "मी चुकले तर परसाचं दार बंद," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सगळे जमले. आक्कांनी बाटली उघडली, काचेच्या भांड्यावर फडकं धरलं आणि सोडा ओतला. हाताची सवय. फडक्यावर फेस उसळून विरला. भांड्यात गोळी टाकली. चार बुडबुडे आले, बास.

"काकू, सोडाबी गाळला व्हय?" अभिनंदन हसला. "त्यात काय किडामुंगी असतीय?"

आयाही हसल्या. गुणाबाई तर पोरीचा हात धरून उठल्याच. उपासनाला मान वर करवेना. आक्का मात्र त्या ओल्या फडक्याकडे बघत होत्या. त्यांनी पदर खोचला.

"बस गं गुणाबाई. अजून संपलं न्हाय."

दोरीवरचं कोरडं फडकं ओढून त्यांनी त्याची जाड वात वळली. दुसरी बाटली उघडून वात आत खुपसली. सोडा फसफसत गळ्याबाहेर आला आणि फरशीभर पसरला.

"गोळी न्हाय, साखर न्हाय. धुतलेलं फडकं हाय," आक्का म्हणाल्या. "सांग रं, सुतात कुठलं रसायन? मगाशी वायू ह्येनंच पळवला. धागा खडबडीत, म्हणून."

अभिनंदननं फडकं उचलून हुंगलं. खरंच हुंगलं. उपासना बघतच राहिली.

"मग गोळी चोखून गुळगुळीत केली तर कमी उडायला पायजे," तो म्हणाला.

"व्हय. कमीच उडंल."

"दावा."

आक्कांनी तिथंच गोळी तोंडात टाकली. कुणी हललं नाही. गुणाबाईंची पोर दर मिनिटाला विचारत होती, "झाली काय आक्का?" आक्का नुसत्या बोट हलवायच्या.

इतक्यात सूर्य कौलांआड गेला. मावळतीनंतर आक्कांनी जन्मात तोंडात काही घेतलेलं नाही. त्यांनी गोळी वाटीत काढली आणि चूळ भरली.

"उद्या शाळा सुटली की ये," त्या अभिनंदनला म्हणाल्या. "पळू नको."

"आमी किती वाजता यायचं?" गुणाबाईंनी विचारलं.

वाटीतली गोळी एका बाजूनं गुळगुळीत झाली होती, दुसरीकडून होती तशीच. उपासनानं वहीत लिहिलं, 'चोखलेली गोळी'. पुढची जागा रिकामी ठेवली.