तिच्याबद्दल एक वाक्य

माझ्या बायकोच्या दफनविधीत पाळकसाहेबांनी तिच्याबद्दल एकही चांगलं वाक्य उच्चारलं नाही. हे मी भेटेल त्याला सांगतो, म्हणून इथेही आधी तेच सांगतो.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लुथरन. पुण्यात आम्ही मूठभर. त्या मूठभरांसाठी तिने उभं आयुष्य घातलं. वेदीवरची वस्त्रं ती घरी आणून धुवायची आणि इस्त्री करताना मला खोलीत फिरकू द्यायची नाही, कारण माझ्या हाताला कायम फळांचा चीक. रविवारी मुलांना धर्मप्रश्नोत्तरी शिकवायची. कोण आजारी आहे ते पाळकांच्या आधी हिला कळायचं. आणि शवपेटी समोर ठेवलेली असताना पाळकसाहेब म्हणाले, ही आपल्या सगळ्यांसारखीच पापी होती. बाप्तिस्म्यात ख्रिस्ताने हिला आपली म्हटलं, त्याखेरीज देवापुढे ठेवायला हिच्याकडे काही नव्हतं. पुढचं सगळं प्रवचन ख्रिस्ताबद्दल.

मी पहिल्या बाकावर होतो. उठून ओरडलो नाही, हीच माझी सभ्यता.

मी मंडईतला माणूस. लोणी काळभोरहून पेरूची पाटी घेऊन आलो, बाहेर फुटपाथवर बसलो, भांडून भांडून आत गाळा मिळवला. मला कोणी काही दिलेलं नाही. लग्नाच्या आधी मंडळीचं शिक्षण घ्यायची वेळ आली, तेव्हा ते मला तिनेच दिलं, आणि पहिल्याच दिवशी आमचं वाजलं.

"देव फुकट देतो, त्याला कृपा म्हणायचं," ती म्हणाली.

"फुकट? मंडईत संध्याकाळी उरलेला माल देतात फुकट. नासका."

"हा नासका नाही. किंमत भरलेली आहे. तुम्ही भरलेली नाही, एवढंच."

"मग मी काय करायचं?"

"हात पुढे करायचा. तेही तुम्हाला जड जाईल म्हणा."

प्रभुभोजनावरूनही, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस देतात त्यावरूनही, मी घोळ घातला होता. मी म्हटलं, ती भाकर म्हणजे ख्रिस्ताची आठवण, खूण, असंच ना? शेजारच्या गाळेवाल्याची मंडळी तसं मानते. ती म्हणाली, "तो म्हणाला, 'हे माझे शरीर आहे.' आहे म्हणाला, तर आहे. त्या 'आहे'वर घासाघीस नाही करायची." मी आयुष्यात प्रत्येक शब्दावर घासाघीस केली, त्या एका शब्दावर तिने करू दिली नाही.

आमच्या वेदीपुढचा कठडा, जिथे गुडघे टेकून हे भोजन घेतात, अर्धगोल आहे. सुताराकडे लाकूड कमी पडलं असेल, असं मला पहिल्यांदा वाटलं. पण मंडळीत मुलांना सांगतात की वर्तुळाचा उरलेला अर्धा भाग पलीकडे आहे. विश्वासात गेलेली माणसं तिथे असतात. इकडे आपण, तिकडे ती, आणि भोजन एकच. म्हणजे ती गेल्यावर या अख्ख्या शहरात तिच्याबरोबर जेवायला बसता येईल अशी माझ्यासाठी एकच जागा उरली होती. आणि नेमका तिथेच मी जात नव्हतो.

भावात जमलं नाही की गिऱ्हाईक पाठ फिरवतं, चार पावलं टाकतं आणि कान मागे ठेवतं. हाक येतेच. मीही चर्चमधून तसाच निघून आलो. पाळकसाहेब घरी आले, एकदा नाही, अनेकदा. बसले, प्रार्थना केली. पण भाव उतरवला नाही.

मी सरळ सौदा मांडला. "येत्या रविवारी मंडळीसमोर तिच्याबद्दल एक वाक्य बोला. मी येतो."

"काका, मंडळीतल्या सगळ्यांना गोळा करून तुमच्या घरी काकूंबद्दल बोलू. प्रवचनात नाही."

"का? देवाला राग येईल?"

"नाही. मागच्या बाकावर एखादी बाई बसलेली असते. तिने आयुष्यात कुणाचं काही धुतलेलं नसतं, कुणाला काही शिकवलेलं नसतं. मी पुण्याईची यादी वाचली, तर तिने घरी काय न्यायचं?"

"मी माझ्या बायकोचं बोला म्हटलं, तर तुम्ही कुठल्या बाईचं काढलंत!"

चहा अर्धा टाकून ते गेले. मी दार जरा जोरातच लावलं.

मग घर. प्रश्नोत्तरीत देवाच्या प्रत्येक आज्ञेमागे प्रश्न येतो, 'याचा अर्थ काय?' ती तो माझ्यावर वापरायची. मी घरी येऊन सांगायचो, आज एका गिऱ्हाईकाला असा झापला! ती पोळी लाटत म्हणायची, "याचा अर्थ काय?" की माझी हवा गेलीच. आता मी काहीही बोललो तरी चालतं. कोणी खोडून काढत नाही. बरोबर असण्यात इतकं एकटं वाटेल असं मला कोणी सांगितलं असतं, तर त्यालाही झापला असता.

आमच्यात ज्याला प्रभुभोजन घ्यायचंय, त्याने आदल्या दिवशी पाळकांना भेटायचं असतं. एका शनिवारी मी गेलो. मध्यस्थ नेला नाही.

"उद्या घ्यायचं आहे," मी उभ्या उभ्याच म्हणालो.

"बसा. मनात कोणाविरुद्ध राग?"

"आहे. कोणाविरुद्ध ते तुम्हाला माहीत आहे."

"तुमच्या तोंडून येऊ द्या."

"तुमच्याविरुद्ध. झालं समाधान?"

"सोडायचा आहे का?"

"अर्धा."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग म्हणाले, "त्या दिवशी कब्रस्तानातून मी तुमच्याबरोबर घरी यायला हवं होतं. मी दुसऱ्या कामाला गेलो. ते चुकलं. त्याची क्षमा मागतो. प्रवचनाची नाही."

असा माणूस मी ओळखतो. चुकलं तिथे पूर्ण देतो, नाही तिथे दमडीही नाही. अशाला हलवता येत नाही. मी म्हणालो, "राग सोडायला मला जमत नाहीये."

"सुटावा असं वाटतं?"

तेव्हा कुठे मी बसलो. मग "वाटतं" म्हणालो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ख्रिस्ताच्या नावाने माझ्या पापांची क्षमा जाहीर केली. जमलेलं नव्हतं, तरी केली.

रविवारी कठड्याशी कोपऱ्यात गुडघे टेकले, जिथे लाकूड संपतं आणि भिंत सुरू होते. वर्तुळ पुढे गेलं असतं, तर तिथून गेलं असतं. तिकडे पाहिलं. एक स्विचबोर्ड, चुना सुटलेली भिंत. दिसेल असं कोणी म्हटलंही नव्हतं. पाळकसाहेबांनी हातावर भाकर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्यासाठी दिलेले." मी घेतलं. प्याल्याला ओठ लावले.

प्रवचनाबाबत मी अजूनही मागे हटलेलो नाही. पण तेव्हा तो विषय डोक्यात नव्हता. सगळे उठले, दुसरी रांग मागे येऊन उभी राहिली, आणि मी तसाच. शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं.

"काका, उठा आता. लोक थांबलेत."

"थांबू द्या जरा," मी म्हणालो. माझी उठायची इच्छा नव्हती.