मूठभर वाळू

सोलापुरात सात रस्त्याच्या टपरीवर रोज चहाला बसणाऱ्यांचे किस्से धुळीसारखे असतात. झाडायला जावं तर आणखी उडतात. हे जपानचे तेवढे सांगतो.

कुंभारी गावच्या भीमाण्णाचं पोरगं जपानच्या एका बेटावर हॉटेलात कामाला होतं. उकाडा आपल्यासारखाच, वर समुद्र. त्या समुद्रात पोरगं गेलं, ते सापडलंच नाही. दिवस घालायला हातात काही तरी पाहिजे की! म्हणून तिथली मूठभर वाळू आणायची, एवढंच भीमाण्णाचं म्हणणं. सोबतीला मी आणि जुळे सोलापूरचा रिटायर क्लार्क कदम.

*

बेटावर कचऱ्याचा डबाच नाही. आपला कचरा आपण घरी न्यायचा, म्हणे. कदमानं बिस्किटाचे कागद, पुड्या, सगळं पिशवीत जपलं. विमानातून सोलापूरला आणलं. आणि शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडं टाकलं!

*

गाइड बाई तिच्या मोबाइलमध्ये बोलायची, मोबाइल हिंदीत सांगायचा. बेटावर पाणी कमी, आंघोळ लवकर उरका, म्हणाली. माझं डोकं फिरलं. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो, आम्हाला काय शिकवता, म्हणालो. तिनं वाकून माफी मागितली आणि मधले दिवस तुम्ही काय करता, असं विचारलं.

"भांडतो," मी म्हणालो.

*

भीमाण्णाच्या डोक्याला तेल. बाईनं पाण्यात उतरू दिलं नाही. तेलानं, क्रीमनं खालचं प्रवाळ मरतं. दिसायला दगड, पण जिवंत असतं, असं कदमानं समजावलं.

भीमाण्णा पाण्याकडं बघत म्हणाला, "दगडाला बी जपत्यात हितं. बरं हाय."

*

शेवटच्या दिवशी पोरगं गेलं त्या किनाऱ्यावर गेलो. भीमाण्णानं स्टीलचा डबा काढून वाळू भरली. बाई धावत आली. वाळू न्यायची नाही, शिंपला न्यायचा नाही, येणाऱ्या प्रत्येकानं मूठमूठ नेली तर किनारा उरायचा नाही. कशाला पाहिजे ते मी मोबाइलला सांगितलं. तिचे डोळे भरले, पण मान नाहीच हलली.

भीमाण्णानं डबा उपडा केला. म्हणाला, "पटलं मला. पण माझं ठिवून घेतलंय, त्येचं काय?"

हे मी मोबाइलला सांगितलं नाही.

*

बोटीत चढण्याआधी नळावर पाय धुवायचे, हा तिथला नियम. मी धुतले, कदमानं धुतले. भीमाण्णानं वाळूनं माखलेल्या पायांवरच मोजे चढवले, बूट घातले. बाईनं त्याच्या पायांकडं बघितलं आणि नळ बंद केला.

दोन दिवस विमानतळावर, विमानात, रेल्वेत त्यानं मोजे काढले नाहीत. वास सुटला. कदम नाकाला रुमाल लावून बसला.

कुंभारीत दारातच बायकोनं परात मांडली. भीमाण्णा ओट्यावर बसला, वाकून मोज्याला हात घातला.

ती म्हणाली, "हळू काढा. खाली सांडंल."